उन्हाचा आराखडा आहे, थंडीचा कुठे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आठवडाभर पारा आठ-नऊ अंशांवर रेंगाळतो आहे आणि आमच्या फ्लॅट स्कीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी तोच वाद. एक जण शेकोटीचा फोटो टाकून विचारतो, "कुठे गेलं तुमचं ग्लोबल वॉर्मिंग?" दुसरा लगेच कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यांचा फोटो टाकतो. दोघेही रजईत बसून दुपारपर्यंत भांडतात. मी भूगोल शिकवून निवृत्त झालेली, म्हणून पंच म्हणून मला ओढलं जातं.

वाद फार अवघड नाही. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचं किमान तापमान 3.5 अंशांवर उतरलं होतं, मोटारींच्या टपांवर दव गोठलंय का ते बघायला लोक उठून बाहेर गेले होते. तेच 2018 जगाच्या नोंदींत तोवरचं चौथ्या क्रमांकाचं उष्ण वर्ष ठरलं. दोन्ही खरं. पश्चिमी झंझावात, म्हणजे पश्चिमेकडून येणारी वादळी हवा, हिमालयात बर्फ टाकून पुढे सरकला की उत्तरेचे कोरडे वारे थेट आपल्यापर्यंत येतात. जवळ समुद्र नाही, आभाळ निरभ्र, त्यामुळे दिवसभराची ऊब झाकण काढलेल्या पातेल्यातल्या वाफेसारखी रात्री निघून जाते. एका आठवड्याच्या गारठ्याने तीस वर्षांची सरासरी हलत नाही. ग्रुपवर हे लिहिलं, त्यावर तीन अंगठे आले आणि भांडण पुन्हा सुरू झालं.

हे पत्र त्या भांडणासाठी नाही, आमच्या चौकीदारासाठी आहे.

हा गृहस्थ पवनीकडचा, वय पन्नाशीच्या पुढे. रात्री दहा ते सकाळी सहा गेटवर. प्लास्टिकची खुर्ची, कानाला मफलर, पायाशी एक जुनं घमेलं. त्यात सुरुवातीला काटक्या असायच्या. थंडी वाढली तशी पार्सलची खोकी आली, मग कुणीतरी टाकून दिलेल्या सोफ्याचा स्पंज. त्या स्पंजाचा काळा, चिकट धूर थेट आमच्या पहिल्या मजल्यावर. हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा गार असते, त्यामुळे धूर उंच न जाता तिथेच बसतो. आमच्या घरी दम्याचा रुग्ण आहे. पहाटे तीनला मी खाली उतरले ती भांडायलाच. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "मॅडम, धूर होते ते मलेबी समजते. पन बोटं कडक होऊन जातेत न. गेटचं कुलूप उघडता येत नाही." हात पुढे करून दाखवले. बोटं खरंच मिटत नव्हती. मी काही न बोलता वर आले.

आता धोरण बघा. उघड्यावर कचरा जाळला तर 5,000 रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा आदेश 2016 पासून आहे. आदेश योग्यच आहे. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांत नागपूर आहे, आणि रस्तोरस्ती टायर पेटले तर कुणाच्याच छातीचं भलं होणार नाही. पण त्या नियमाखाली सापडतो कोण? गीझर असलेला नाही. गेटवरचा, फुटपाथवरचा, बांधकामावरचा माणूस. दिल्लीत प्रदूषण वाढलं की वसाहतींना सांगितलं जातं, रखवालदारांना विजेचे हीटर द्या, म्हणजे ते शेकोटी पेटवणार नाहीत. शेकोटी बंद करायची तर बदल्यात ऊब द्यायची, एवढं साधं. ते इथे का नाही?

आम्ही हिशेब केला. 800 वॉटचा दोन रॉडचा हीटर आठ तास चालला तर सहा-साडेसहा युनिट. युनिटला दहा रुपये धरले तरी रात्रीचे चौसष्ट रुपये, चाळीस फ्लॅटमध्ये वाटले तर घरटी एक रुपया साठ पैसे. यावर बैठक सव्वा तास चालली. एका शेजाऱ्यांनी विचारलं, "वीज तरी कुठून येते? कोराडीच्या कोळशातूनच ना?" प्रश्न रास्त आहे. तिथे 660 मेगावॉटचे आणखी दोन संच उभारण्यावर मे 2023 मध्ये जनसुनावणी झाली, विरोधही झाला, आणि त्या विरोधाशी मी सहमत आहे. भारताने 2070 पर्यंत नेट झिरोचं, म्हणजे जेवढा कार्बन सोडू तेवढाच शोषून घेण्याचं वचन दिलंय, तेही पाळावं. पण त्या वचनाची सुरुवात आमच्या गेटवरच्या घमेल्यापासून कशाला?

महानगरपालिकेने 2016 मध्येच उष्णता कृती आराखडा केला. उन्हाळ्यात इशारे येतात, रुग्णालयांत थंड कक्ष ठेवतात, दुपारी बागा उघड्या राहतात. म्हणजे हे काम कसं करायचं ते आपल्या लोकांना येतं. थंडीच्या वेळी मात्र इशाऱ्यापुढे काही घडत नाही. त्यातही मैदानी भागात किमान तापमान 10 किंवा त्याखाली आणि सरासरीपेक्षा साडेचार किंवा अधिक अंशांनी कमी असेल तेव्हाच सहसा थंडीची लाट मोजली जाते. नऊ अंश आहेत, पण घट चारचीच असेल तर कागदावर लाट नाही. बोटं मात्र आखडतातच.

निवाऱ्याचा निकषही जुनाच आहे. दर एक लाख वस्तीमागे शंभर माणसांचा एक कायम निवारा, असं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात लिहिलं होतं. 2011 च्या जनगणनेत नागपूर चोवीस लाखांचं होतं, म्हणजे तेव्हाच चोवीस निवारे हवे होते. त्यांचे पत्ते महापालिकेने आपल्या दैनिकात छापावेत, म्हणजे रात्री रस्त्यावर दिसलेल्या माणसाला कुठे पोचवायचं ते आम्हाला कळेल. मागच्या हिवाळ्यात एका सरकारी रुग्णालयात मैत्रिणीसोबत रात्र काढली. बाहेरच्या व्हरांड्यात रुग्णांचे नातेवाईक सिमेंटच्या पोत्यांवर वर्तमानपत्रं पसरून झोपले होते. आपलंही दैनिक त्यात होतं.

आणखी एक, शिक्षिका म्हणून. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची मुलं पुष्कळ आहेत आणि थंडी लागली की त्यांच्या हाडांत कळा येतात. माझ्या वर्गातली एक मुलगी दर डिसेंबरात आठ-दहा दिवस यायचीच नाही. हजेरीत मी तिच्यापुढे लाल फुली मारत राहिले, कारण कळायला मला दोन वर्षं लागली. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊनंतर भरवा, असं शासनाने फेब्रुवारी 2024 मध्ये ठरवलं. पाचवीपासून पुढची मुलं सातलाच कुडकुडत निघतात. थंडीचे दोन महिने तरी त्यांची वेळ पुढे ढकला. अधिवेशनाला दर डिसेंबरात सरकार इथेच असतं, सकाळी सातला एकदा रस्त्यावर उभं राहून बघावं.

आमच्याकडे हीटर आला. पाच फ्लॅटवाल्यांनी अजून पैसे दिलेले नाहीत. चौकीदाराने घमेलं घासून उपडं ठेवलंय, पण फेकलेलं नाही. "लाईट गेली तर?" म्हणतो.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
मानेवाडा, नागपूर