सोमवारी न्हाणीचं काम सुरू होतंय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

जे सांगायचं ते आधी सांगून टाकते, मग बाबा, तुम्ही हवं तेवढं रागवा. सोमवारी सकाळी नऊला गवंडी आणि प्लंबर घरी येतील. न्हाणी, संडास आणि परड्याकडची पायरी, एवढंच काम. विसार दिलाय आणि तो परत मिळणार नाही. तुम्हाला न विचारता ठरवलं, हे चुकलंच. पण विचारलं असतं तर तुम्ही 'दिवाळीनंतर बघू' म्हणाला असता, आई 'तुझे पैसे कशाला' म्हणाली असती, आणि मिरग त्याच फरशीवर आला असता. माडीच्या कठड्याचं काय झालं ते तिघांनाही ठाऊक आहे.

आई, 'नुसता पाय सरकला' असं तू फोनवर म्हणालीस. मनगट सुजल्याचं मात्र काकूंकडून कळलं. रागावले नाही गं, पण ते मनगट नीट बघायला हवं. अंगठा ताठ वर केलास की त्याच्या मुळाशी, मनगटाजवळ, एक खळगा पडतो. तिथं बोटानं दाब. दुखलं तर एक्स-रे काढायचा, आणि तो स्वच्छ आला तरी 'काही नाही' म्हणून बसून राहायचं नाही. त्या खळग्याखाली स्कॅफॉइड नावाचं छोटं हाड असतं. त्याची चीर पहिल्या फोटोत बऱ्याचदा दिसत नाही, दहा-चौदा दिवसांनी पुन्हा फोटो काढला की दिसते. तोवर डॉक्टर देतील ती पट्टी काढायची नाही. त्या हाडाला रक्तपुरवठा मुळातच तोकडा, म्हणून दुर्लक्ष झालं तर ते जुळत नाही आणि मनगट कायमचं दुखरं होऊन बसतं. तालमीतल्या वस्तादांकडे चोळून घ्यायला जाऊ नकोस. त्यांचा हात चांगला आहे, मान्य. पण मोडलेलं हाड चोळायचं नसतं. आणि खरंच हाड मोडलेलं निघालं, तर हाडं विरळ झाली आहेत का ते बघायला डेक्सा तपासणी करून घ्यायची. त्यात टी-स्कोअर, म्हणजे हाडांच्या घनतेचा आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्यांवर भागत नाही.

आता न्हाणीच का, ते सांगते. ओले पाय, साबण, गुळगुळीत फरशी, बादलीकडे वाकणं आणि पाटावरून उठणं, हे सगळं तिथं एकाच वेळी घडतं. त्यात गरम पाण्यानं अंगातल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात, म्हणून उठताना डोक्याकडे रक्त पोचायला क्षणभर उशीर होतो. त्या क्षणात हात आधार शोधतो, आणि आपल्याकडे हाताशी येतो तो टॉवेलचा दांडा. दोन इंची स्क्रूवर बसवलेला तो दांडा ओल्या टॉवेलचा भार पेलतो, माणसाचा नाही.

नवी फरशी खडबडीत, एक फूट बाय एक फुटाची घेतली आहे. मोठ्या फरशा दिसायला छान, पण लहान फरशीला सांधे जास्त, पायाला पकड मिळते आणि उतारही नीट देता येतो. उतार जाळीकडे, दर फुटाला पाव इंच. बाबा, हे तुम्हीच तपासा: तांब्याभर पाणी ओता, सगळं जाळीकडे गेलं पाहिजे. कोपऱ्यात डबकं साचलं तर तिथंच शेवाळ धरणार. गवंडी म्हणेल 'वाळल्यावर बसतंय', ऐकू नका. लगेच काढून घ्या.

धरायचे दांडे तीन: कमोडच्या दोन्ही बाजूंना एकेक आणि अंघोळीच्या जागी एक. स्टेनलेस स्टीलचे, सव्वा ते दीड इंच जाड, जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. भिंत आणि दांडा यांच्यात दीड इंचच फट हवी. जास्त ठेवली तर हात निसटून कोपर आत अडकतं. खरी अडचण आपल्या मागच्या भिंतीची आहे. तिच्या विटा मातीत बसवलेल्या आहेत. अँकर बोल्ट आत फुगून विटेला घट्ट धरतो खरा, पण तिथं वीटच हलते. म्हणून बोल्ट भिंतीतून आरपार काढून परड्याच्या बाजूनं लोखंडी पट्टीवर आवळायला सांगितलंय. ती पट्टी बाहेरून दिसेल आणि वाईट दिसेल. दिसू दे. काम संपल्यावर प्लंबरला प्रत्येक दांड्यावर पूर्ण वजन टाकून लोंबकळायला लावा आणि मगच उरलेले पैसे द्या. दुकानात रबरी वाटीचे, भिंतीला चिकटणारे दांडे मिळतात, ते कुणी भेट दिले तरी लावू नका. वाटीत हवा शिरली की ते न सांगता सुटतात.

आई, कमोडवर तुला होत नाही हे ठाऊक आहे. त्याची उंची बैठकीसकट १७ इंच घेतली आहे, तुझे पाय जमिनीला पूर्ण टेकतील. सवय होईतो पायाखाली लहान पाट घे, पण उठायच्या आधी तो बाजूला सरकव. दार आता बाहेर उघडेल. आत उघडणाऱ्या दाराशी माणूस पडला तर त्याच्याच अंगानं दार अडतं आणि बाहेरच्याला ढकलताही येत नाही. कडीही बाहेरून नाण्यानं फिरवता येणारी घेतली आहे. लाजायचं काही नाही, घरात तुम्ही दोघंच तर असता.

गॅस गिझर न्हाणीतून निघून बाहेरच्या भिंतीवर जाईल, यावर चर्चा नाही. बंद न्हाणीत तो हवेतला ऑक्सिजन खातो आणि ज्योत अर्धवट जळू लागली की कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही. अंघोळीनंतर डोकं जड होतं म्हणतेस ते त्यानंही असू शकतं. सोमवारपर्यंत एक करा: दार उघडं ठेवून बादली भरा, गिझर बंद करा, मगच दार लावून अंघोळ. आणि बादलीत आधी गार पाणी, मग गरम. बाबा, साखरेमुळे पायांना चटका कळत नाही, म्हणून पाणी पायानं नाही, कोपरानं तपासा.

तुमचं काहीही काढलेलं नाही. तांब्याचा बंब परड्यात आहे तिथंच राहील. रेडिओची फळी राहील. देवघराला हात लागणार नाही. काम चार-पाच दिवसांचं, तेवढे दिवस राजारामपुरीत मावशीकडे राहा. तिला सांगून झालंय आणि तिनं पांढऱ्या रश्श्याचा बेतही ठरवलाय. परत आल्यावर अंघोळीला पाटाऐवजी रबरी बुडाचं स्टूल असेल. पाटावरून उठायला गुडघा पूर्ण वाकवावा लागतो, स्टुलावरून अर्धाच.

बाबा, आता तुमचं. रात्री लघवीसाठी जी टॅम्सुलोसिन घेता, ती प्रोस्टेटचे स्नायू सैल करते आणि थोड्या रक्तवाहिन्याही. त्यात बीपीची गोळी. पहाटे अंथरुणातून ताडकन उठलात की डोळ्यांपुढं अंधारी येते ती यातूनच असू शकते. चार दिवस सकाळी हे मोजा: पाच मिनिटं आडवं पडून बीपी घ्या, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला. पट्टा उघड्या दंडावर बांधा, सदऱ्यावरून नाही. मोजण्याआधी अर्धा तास चहा नको. बोलायचं नाही. वरचा आकडा २० नं किंवा खालचा १० नं उतरला तर वही घेऊन डॉक्टरांकडे जा. गोळी आपल्या मनानं बंद करायची नाही. ती रात्री घ्यायची की नाही, मात्रा कमी होते का, हे त्यांना ठरवू द्या. तोवर उठताना आधी पलंगाच्या कडेला बसून दोन मिनिटं पाय हलवा. दिव्याचं बटण पलंगावरून हाताला येईल असं बसवायला सांगितलंय.

आई, ती झोपेची अर्धी गोळी तू कुणाच्या सांगण्यावरून सुरू केलीस ते विचारत नाही. अल्प्राझोलाम असेल तर एकदम सोडूही नकोस, डॉक्टर हळूहळू उतरवतील. पण रात्री दोनला न्हाणीत जाताना झोक जातो तो तिच्यानं. सर्दीच्या गोळ्यांतही क्लोरफेनिरामाइन असतं, तेही गुंगी आणतं.

आणि चपला. बाबा, कोल्हापुरीला २०१९ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं म्हणून ती ओल्या फरशीवर धरत नाही. चामड्याचा तळ ओला झाला की साबणासारखा होतो, वर मागं पट्टाही नाही. ती महाद्वार रोडला घाला, मिरवा. घरात आणि परड्यात रबरी तळाच्या, मागं पट्टा असलेल्या. जोर-बैठका मारल्याचं ऐकवाल, म्हणून एक पैज: भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवर बसायचं, हात छातीशी, आणि तीस सेकंदांत किती वेळा पूर्ण उभं राहता ते आईनं मोजायचं. तुमच्या वयाला १२ च्या खाली आले तर पायांत जोर कमी पडतोय. मग रोज हीच उठबस, दहा-दहाचे दोन फेरे.

गुडघ्याचं ऑपरेशन कर किंवा करू नको, असं मी म्हणणार नाही आई, गुडघा तुझा आहे. पण पुढच्या महिन्याची तारीख घेण्याआधी तिथं हे विचार: आत्ता नाही केलं आणि सहा महिने थांबले तर काय बिघडेल? मांडीच्या व्यायामाचे तीन महिने आधी करून बघायचे का? दोन्ही एकदम की एकेक, आणि का? जंतुसंसर्ग झाला तर पुढं काय करतात? तीन महिन्यांची साखर न बघता तारीख देत असतील तर सरळ उठून ये. कृत्रिम गुडघ्याच्या किमतीवर २०१७ पासून सरकारनं मर्यादा घातली आहे, पण भूल, खोली आणि सर्जनची फी त्यात धरलेली नाही, म्हणून सगळा खर्च एका कागदावर लिहून माग. सत्तरी उलटलेल्यांना आयुष्मान वय वंदना कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, उत्पन्नाची अट नाही. ते रुग्णालय योजनेत आहे का, एवढं आधी विचारा. दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला कागद हवेत, ते लेखी मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. 'त्यांना काय वाटेल' हे मनात आणू नकोस.

एवढं करूनही कुणी पडलंच, तर दुसऱ्यानं धावत जाऊन ओढून उठवायचं नाही. बाबांची कंबरही जायची. आधी मिनिटभर पडून राहायचं आणि कुठं दुखतंय ते बघायचं. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळलेलं असेल तर खुबा मोडलेला असू शकतो. मग हलवायचं नाही, पाणीही द्यायचं नाही, अंगावर चादर टाकून १०८ ला फोन. दुखत नसेल तर कुशीवर वळायचं, गुडघ्या-हातांवर यायचं, खुर्चीपर्यंत रांगायचं, दोन्ही हात बैठकीवर, धडधाकट पाय पुढं, आणि वळून बसायचं. बाबा रक्त पातळ करायची गोळी घेतात, म्हणून त्यांच्या डोक्याला लागलं तर टेंगूळ नसलं, बोलणं-चालणं ठीक असलं तरी त्याच दिवशी दवाखाना. आत हळूहळू रक्त साठलं तर ते तासाभरानं नाही, कधी दुसऱ्या दिवशी कळतं. फोन कपाटावर नको, न्हाणीत जातानाही खिशात किंवा खाली हाताला येईल असा.

खूप हुकूम सोडले, कळतंय. रंकाळ्याच्या कठड्यावरून मला चालवताना बाबा, तुम्ही बोट कधी सोडायचा नाहीत, आणि वर म्हणायचा, 'मी धरलेलं नाही हं, नुसता सोबत चाललोय.' ते तीन दांडे तसलेच समजा.

आई, मनगटाचं आजच बघ. बाबा, मावशीकडे जाताना गोळ्यांची पिशवी मागच्या वेळेसारखी विसरू नका.

तुमची,
चिमी

ता. क. दांड्यांवर टॉवेल वाळत घालायचा नाही. त्यासाठी वेगळी दोरी बांधायला सांगितली आहे.