सूचना : आवारात वन्यप्राणी व पक्ष्यांना खाऊ घालण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या १ तारखेपासून गच्ची, जिने, खिडक्यांचे सज्जे आणि बागेत माकडे, कबुतरे किंवा इतर वन्यजीवांना खायला घालणे बंद आहे. स्थानिक प्रशासनाचा नियमही हाच. दंड झाल्यास तो ज्याचा त्याने भरायचा. सोसायटी भरणार नाही.

'मी मूठभरच टाकतो' असे सगळेच म्हणतात. त्या मुठी एकत्र झाल्या की उंदीर येतात आणि उंदरांमागे साप. कबुतरांच्या सुकलेल्या विष्ठेची धूळ सतत श्वासात गेल्यास फुफ्फुसांचा गंभीर आजार होऊ शकतो, हेही लक्षात घ्यावे.

• कचऱ्याचे डबे झाकलेले असावेत. दाराबाहेर रात्रभर पिशव्या ठेवू नयेत.
• माकड जवळ आल्यास नजर भिडवू नये, पळू नये. सावकाश मागे सरकावे. मुलांना हे आवर्जून सांगा. चावल्यास किंवा ओरखडल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. रेबीजच्या बाबतीत 'उद्या बघू' चालत नाही.
• जखमी प्राणी दिसल्यास हात न लावता वन विभागाला कळवावे.

पाण्याचे भांडे ठेवायला हरकत नाही, मात्र पाणी रोज बदलावे. शंका असल्यास रविवारी सायंकाळी ६ वाजता कार्यालयात भेटावे.

– व्यवस्थापक समिती