पाणी चढण्याआधी निवारा केंद्राचे ठरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करण्याला आपल्या भागातून जो विरोध होतो आहे, त्याच्या बातम्या मी नियमित वाचते. तो लढा लढलाच पाहिजे. २०१९च्या महापुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालावर, पुलांच्या भरावांवर, पूररेषेतल्या बांधकामांवरही भरपूर लिहिले जाते. पण पंचगंगा नदी कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडते आणि गावे रिकामी करण्याचे आदेश निघतात, तेव्हा घराबाहेर पडलेली माणसे जातात कुठे आणि तिथे त्यांचे दिवस कसे निघतात, यावर चार ओळीही सहसा वाचायला मिळत नाहीत. मी शिरोळ तालुक्यातली, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली मुख्याध्यापिका आहे. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांत आमच्या शाळेत निवारा केंद्र होते. तेवढ्या अधिकाराने हे लिहिते आहे.

प्रत्येक पुरानंतर एक वाक्य हमखास ऐकू येते : लोक ऐकत नाहीत, शेवटपर्यंत घर सोडत नाहीत. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि बाहेर पडू पाहणारी माणसे बुडाली. त्यानंतरही बऱ्याच जणांनी हेच म्हटले. मला ते पटत नाही. आमच्या लोकांना पाण्याची जाण आहे. नृसिंहवाडीला कृष्णा आणि पंचगंगा एकत्र येतात. कृष्णा फुगली की पंचगंगेला वाट मिळत नाही, त्यामुळे आमच्याकडे पाणी सावकाश येते आणि त्याहून सावकाश उतरते. निघायला वेळ असतो. तरी माणूस थांबतो, कारण जिथे जायचे ती जागा त्याला ठाऊक असते. मागच्या खेपेला तिथे काय हाल झाले, हे बायका विसरलेल्या नसतात.

पहिली गोष्ट जनावरांची. दारात दोन म्हशी आणि एक गाय असलेल्या कुटुंबाला तुम्ही नुसते ‘चला’ म्हणू शकत नाही. त्या म्हशींच्या दुधावर घर चालते. धार काढायला माणूस नसेल तर कास सुजते. शाळेच्या मैदानात जनावरे बांधायची नाहीत असे सांगितले की घरातला कर्ता पुरुष किंवा म्हातारा मागे राहतो आणि त्याच्यासाठी मग रात्री बोट पाठवावी लागते. आमच्या तालुक्यात साखर कारखान्यांच्या आवारात माणसे आणि जनावरे एकत्र ठेवली गेली, तिथे लोक स्वतःहून गेले. मोठे आवार, पक्क्या शेड, जनरेटर, पाण्याची टाकी, वैरण उतरवायला जागा. आपली दावण डोळ्यांसमोर आहे म्हटल्यावर माणसाचा जीव भांड्यात पडतो. जनावरांची सोय नसलेले केंद्र आमच्या भागात अर्धेच केंद्र असते, हे आराखडा करणाऱ्यांनी लिहून ठेवावे.

आता शाळांविषयी. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या कलम १२ मध्ये मदत छावण्यांतल्या किमान सोयींची तरतूद आहे. त्यानुसार राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने मापेही ठरवून दिली आहेत : माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, ३० माणसांमागे एक शौचालय, पिण्यासाठी माणशी रोज किमान ३ लिटर पाणी, मोठ्यांना दिवसाला २४०० आणि लहान मुलांना १७०० कॅलरी मिळतील एवढे अन्न. आमचा एक वर्ग वीस बाय चोवीस फुटांचा, म्हणजे जेमतेम ४५ चौरस मीटर. नियमाने त्यात बारा माणसे मावतात. प्रत्यक्षात एका वर्गात तीन-चार गल्ल्यांतली कुटुंबे असायची. दोनशे माणसांना सात शौचालये लागतात. आमच्याकडे होती ती लहान मुलांच्या मापाची, आणि तीही थोडी. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला तिथे बसता येत नाही, उठता येत नाही.

याचे परिणाम कुठल्या अहवालात दिसत नाहीत. रात्री अंधारात शौचालयापर्यंत जावे लागू नये म्हणून बायका संध्याकाळनंतर पाणी पीत नाहीत. वयात आलेल्या मुली दिवसभर अवघडून बसतात. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून बाळाला पाजते. शौचालयाच्या वाटेवर बॅटरीवरचा दिवा, आतून लागणारी कडी, एका वर्गाला पडदा लावून फक्त बायकांसाठी केलेली खोली आणि सॅनिटरी नॅपकिनचा साठा एवढ्याने निम्मा त्रास कमी होतो. यातले काहीही महाग नाही. फक्त ते मे महिन्यात आणून ठेवावे लागते, ऑगस्टमध्ये मिळत नाही. २०१९ला पुणे-बेंगळुरू महामार्ग कितीतरी दिवस बंद होता. पेट्रोल आणि दूध मिळेना, तिथे बाकीच्या वस्तूंचे काय सांगावे!

केंद्रात नोंद होते ती ‘किती आले’ याची. ‘कोण आले’ याची वही निराळी हवी : नाव, वय, गल्ली, गरोदर आहे का, तान्हे मूल आहे का, रोजच्या गोळ्या कोणत्या, बाहेरगावच्या एका नातेवाइकाचा फोन. आम्ही अशी वही शाळेच्या हजेरीपटासारखी केली आणि तिचा सगळ्यात मोठा उपयोग औषधांसाठी झाला. घाईत घर सोडताना बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या कपाटात राहून जातात. दोन-तीन दिवस त्या चुकल्या की काय होते, हे गावातल्या आशा स्वयंसेविकांना विचारावे. जपानमध्ये कुमामोतोला २०१६ साली भूकंप झाला. त्यात थेट ५० माणसे गेली आणि नंतरच्या महिन्यांत दगदगीने, निवाऱ्यातल्या आणि गाडीत झोपून काढलेल्या दिवसांच्या हालांनी २०० हून अधिक. त्यांत बहुतेक वृद्ध होते. इतक्या तयारीच्या देशात असे होते, तर आपण केंद्रातल्या म्हाताऱ्या माणसांकडे किती लक्ष द्यायला हवे!

ही वही आणखी एका कारणासाठी हवी. घर सोडले तर पंचनाम्यातून नाव सुटेल, सानुग्रह अनुदान मिळणार नाही, ही भीती खरी आहे आणि तिच्यापायी लोक माळवदावर बसून राहतात. केंद्रातली नोंद हाच स्थलांतराचा पुरावा धरला जाईल आणि तिची प्रत तलाठ्याकडे जाईल, एवढे आधी जाहीर केले तरी अनेक घरे एक दिवस लवकर रिकामी होतील.

मदतीबद्दल लिहिताना मन जड होते, कारण ती देणाऱ्यांचे हात प्रेमाचेच होते. महाराष्ट्रभरातून टेम्पो आले. पण रस्त्यावरच्या गावांना तीन-तीनदा मिळाले आणि आतल्या गावांना उशिरा. जुन्या कपड्यांचे ढीग भिजून कुजले आणि ते उचलायला माणसे लावावी लागली. तालुक्याला एकच ठिकाण ठरवून माल तिथे उतरवावा, आणि केंद्राने रोज सकाळी ‘आज हे हवे’ एवढी यादी कळवावी. बिस्किटे नकोत, पाणी शुद्ध करायचे मेडिक्लोर आणि चटया हव्यात, असे स्पष्ट सांगायला लाजू नये.

स्वयंपाक बाहेरून येणाऱ्या पाकिटांवर ठेवू नये. बचत गटाच्या बायकांनी केंद्रातच चूल मांडली की दोन गोष्टी होतात : ताजे अन्न मिळते आणि रिकाम्या बसलेल्या माणसांना काम मिळते. भांडणे रिकाम्या हातांतून होतात, हे मी स्वतः पाहिले आहे. आणि पंगत एकच असावी. कोणत्या वस्तीतले कोण कुठे बसणार, अशी कुजबुज पहिल्या दिवशी होते. केंद्रप्रमुख ठाम राहिला तर दुसऱ्या दिवशी ती थांबते.

हा केंद्रप्रमुख कोण, हेच तर ठरलेले नसते. शाळेची किल्ली मुख्याध्यापकांकडे, शिधा तलाठ्याकडे, पाणी ग्रामपंचायतीकडे, औषधे आरोग्य उपकेंद्राकडे. रात्री बाराला मोटार बंद पडली तर फोन कुणाला करायचा? ओडिशाने १९९९च्या महाचक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसे गमावली. त्यानंतर तिथे किनाऱ्यावर शेकडो पक्के निवारे बांधले गेले, आणि त्यांची देखभाल गावकऱ्यांच्याच समित्यांकडे दिली गेली. एरवी त्यांतल्या अनेक इमारतींत शाळा भरते. समितीला प्रशिक्षण मिळते, वादळापूर्वीची रंगीत तालीम होते. २०१९च्या मे महिन्यात फनी वादळ आले तेव्हा सुमारे बारा लाख माणसे दोन-तीन दिवसांत हलवली गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आपल्या कोल्हापूर आणि सांगली या दोन जिल्ह्यांतून चार लाखांहून अधिक माणसे हलवावी लागली. त्यांतली किती स्वतःहून निघाली आणि किती बोटीतून काढावी लागली, हा फरक तयारीचा आहे.

आमच्याकडेही उंचावरच्या मोजक्या शाळा आणि कारखान्यांची आवारे निवडून तिथे कायमची शौचालये, पाण्याच्या टाक्या आणि जनावरांची शेड बांधता येईल. केंद्राची जागा निवडताना २०२१ची पूररेषा तपासावी. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्याची पातळी ५६ फुटांवर गेली होती. एकदा आणलेल्या लोकांना पाण्याने वेढले म्हणून पुन्हा दुसरीकडे हलवायचे, ही वेळ कुणावर येऊ नये. आणि पाणी उतरले त्याच दिवशी केंद्र बंद करू नये. घरात कमरेएवढा गाळ, साप, ओल्या भिंती, विजेचे मीटर भिजलेले. निदान घर धुऊन चूल पेटेपर्यंत जेवण आणि झोपायची जागा चालू राहावी. शाळा उघडायची घाई मलाही समजते, मी आयुष्यभर शाळाच चालवली आहे. पण त्या वर्गांतली निम्मी मुले त्याच केंद्रात झोपलेली असतात.

आपल्या दैनिकाला माझी विनंती आहे. जिल्हा प्रशासनाकडून माहिती घेऊन १५ जूनपूर्वी तालुकावार यादी छापावी : गाव, त्या गावाचे निवारा केंद्र, केंद्रप्रमुखाचे नाव आणि फोन, शौचालयांची संख्या, जनावरांची सोय आहे की नाही. ज्या गावापुढचा रकाना रिकामा असेल, तिथल्या लोकांना पाऊस लागण्याआधीच तहसील कार्यालयात जाऊन विचारता येईल.

कळावे,
आपली वाचक,
एक निवृत्त मुख्याध्यापिका, ता. शिरोळ, जि. कोल्हापूर