शपथा पुरे कर आता

वडोदरा

प्रिय दोस्ता,

सलाम. तुझा मेसेज रात्री वाचला, व्हॉट्सॅपवर दोन ओळीत उत्तर देऊन मोकळं व्हावं असा तो नव्हता म्हणून निवांत लिहायला बसलोय. काका दिवसभर "नळाला पाणी आलं का" विचारत राहतात, तू चार वेळा नीट सांगतोस आणि पाचव्यांदा ओरडतोस, मग रात्री देवाची माफी मागून शपथ घेतोस की उद्या आवाज चढवणार नाही, आणि उद्या परत तेच. हे सगळं समजलं मला. पण शेवटी तू लिहिलंयस की माझी विलपॉवरच कमी पडते, मी कसला ख्रिस्ती, ते वाचून फार वाईट वाटलं रे.

समज उद्या शपथ टिकली. दातओठ खाऊन दिवसभर गप्प राहिलास. तोंड बंद राहील, पण काकांबद्दल माया येईल का मनात? जीभ जिद्दीने आवरता येते, प्रेम नाही आणता येत. बायबलमध्ये प्रेषित पौल गलतीकरांस पत्रात प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असं सगळं सांगतो ना, त्याला तो आत्म्याचं फळ म्हणतो, आणि आपण मात्र तो होमवर्क समजतो नि रोज रात्री स्वतःची वही तपासत बसतो. जमलं की छाती फुगते, नाही जमलं की प्रार्थनेला बसायची पण लाज वाटते. म्हणजे दोन्ही वेळा लक्ष आपलं आपल्यावरच.

येशूचा शिष्य पेत्र, त्याची जिद्द काय कमी होती? तुझ्याबरोबर तुरुंगात जायला, मरायला पण तयार आहे असं येशूला म्हणाला, आणि मला खात्री आहे तो मनापासून बोलला. त्याच रात्री एका दासीसमोर येशूला ओळखत नाही म्हणून मोकळा झाला. पण लूकच्या शुभवर्तमानात बाविसाव्या अध्यायात बघ, पेत्राने ही फुशारकी मारायच्या आधीच प्रभू त्याला सांगून ठेवतो की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी तुझ्यासाठी विनंती केली आहे. पेत्र नंतर उभा राहिला तो या विनंतीवर, त्याचा स्वतःचा शब्द तर कोंबडा आरवेपर्यंत पण टिकला नाही.

आणि पंडिता रमाबाई. आईवडील दुष्काळात गेले, देशभर पायी फिरल्या, १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन काढलं, त्या काळात एकट्या बाईने. मनाची ताकद म्हणतात ती हीच ना? तरी त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. निराधार बायकांसाठीचं त्यांचं मुक्ती मिशनचं काम त्याच्या नंतरचं. मला तर हे वाचून धीर येतो, इतक्या खंबीर बाईला पण रिकाम्या हातानेच यावं लागलं.

आता तू म्हणशील मग काय हातावर हात धरून बसू का? नाही रे बाबा. फिलिप्पैकरांस पत्रात दोन्ही एका दमात आहे, भीत कापत आपलं तारण साधून घ्या आणि लगेच, इच्छा आणि कृती तुमच्यात घडवणारा देव आहे. प्रतापनगरच्या माझ्या आत्याचं सांगतो. तिचे यजमान अंथरुणाला खिळलेले, चादर बदलायला घेतली की शिव्या द्यायचे. ही बाई खोलीत शिरायच्या आधी दाराच्या चौकटीला हात लावून थांबायची, काखेत धुतलेली चादर, आणि पुटपुटायची, "प्रभू, माझ्याकडे नाही आता, तू दे." बस एवढंच. मग आत जायची. दर वेळेला, सकाळचं मागून ठेवलेलं दुपारी चालायचं नाही तिला. कधी चिडायची पण, मग परत चौकटीपाशी. शपथ वगैरे कधी घेतली नाही तिने.

तू पण तेच कर ना, रात्री उद्याचं वचन देण्यापेक्षा काकांनी हाक मारली की त्या क्षणाला माग. "माझी कृपा तुला पुरे आहे" हे प्रभूने पौलाला त्याच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला सलणारा त्रास, तसाच असताना सांगितलंय, काटा निघाल्यावर नाही.

अजून एक, हे जरा स्पष्टच बोलतो. तू रात्र रात्र जागतोस आणि भावाला एकदा पण सांगितलं नाहीयेस की आठवड्यातून दोन रात्री तू ये. देवावर टेकायचं म्हणजे त्याने दिलेली माणसं पण घ्यायची, चर्चची मंडळी कशाला असते मग? काकांचा विसरभोळेपणा वाढतोय तर डॉक्टरला पण दाखव, त्यात विश्वास कमी पडला असं काही नसतं.

भावाशी बोललास की कळव. मी पुढच्या महिन्यात सुट्टी टाकून येतोय, दोन रात्री काकांपाशी मी झोपतो, तू वरच्या खोलीत दार लावून पड. काकूंना सलाम सांग.

तुझाच,
बडोद्याचा मित्र