पाय धड असताना व्हीलचेअर कशाला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परदेशी मुलाबाळांकडे जाणाऱ्या ज्येष्ठांसाठी आपल्या वाचकपत्रांतून सध्या बरेच सल्ले येत आहेत. त्यातला एक बहुतेक प्रत्येक पत्रात असतो : 'तिकीट काढतानाच व्हीलचेअर लावून घ्या, मग काही बघावं लागत नाही.' मी एसटीचा निवृत्त वाहक. गेल्या जूनमध्ये पत्नीसह मेलबर्नला मुलाकडे जाऊन आलो. हा सल्ला मला पटत नाही.

आमच्या मुलानेही दोघांना व्हीलचेअर नोंदवली होती. हिचे दोन्ही गुडघे गेलेत, तिला ती हवीच होती. माझी मात्र मी मुंबईत काउंटरवर रद्द करायला लावली. तिथली मुलगी म्हणाली, "काका, राहू द्या की, फुकट आहे." सगळं दुखणं या फुकटात आहे. त्या रात्री व्हीलचेअरवाल्यांची रांग चालणाऱ्यांच्या रांगेला मागे टाकत होती. हिच्या शेजारच्या खुर्चीतल्या बाई सुरक्षा तपासणी झाल्याबरोबर टुणकन उठल्या आणि दुकानात अत्तरं हुंगून आल्या. मी विचारलं तेव्हा लपवाछपवी न करता म्हणाल्या, "गुडघे ठणठणीत आहेत हो, पण इंग्रजीचं काय करू? खुर्चीत बसलं की ढकलणारा नेऊन सोडतो."

बाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. भीती खरी आहे. पण तिची किंमत कोण मोजतं तेही बघा. फेब्रुवारी 2024 मध्ये याच मुंबई विमानतळावर न्यूयॉर्कहून आलेल्या एका वृद्ध जोडप्याला एकच व्हीलचेअर मिळाली. पत्नीला तीत बसवून 80 वर्षांचे ते गृहस्थ बरोबर चालत निघाले, वाटेत कोसळले आणि दगावले. डीजीसीए या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने विमान कंपनीला 30 लाखांचा दंड केला. दंड योग्यच. पण त्या दिवशी किती धडधाकट माणसं खुर्च्या अडवून बसली होती, याचा हिशोब कुणी मांडल्याचं माझ्या वाचनात नाही.

आता प्रवासाचं. मुंबई ते सिंगापूर साडेपाच तास, पुढे मेलबर्न साडेसात तास. सिंगापूरला विमान बदलायचं होतं. मी हिच्या खुर्चीबरोबर चालत होतो, पण वाट बोर्डांवरून काढत होतो. मदतनीस वळायच्या आधी मनातल्या मनात 'आता डावीकडे' म्हणायचो आणि बहुतेक वेळा बरोबर यायचं. टर्मिनलचा आकडा, गेटचं अक्षर आणि गेटचा नंबर, एवढ्यावर माणूस पोचतो. त्याला इंग्रजी बोलता यायलाच पाहिजे असं नाही. एक गोष्ट मात्र कुणी आधी सांगत नाही : तिथे सामानाची तपासणी थेट गेटवर होते. त्यामुळे वाटेत भरून घेतलेली पाण्याची बाटली गेटवर रिकामी करावी लागते. ज्यांना गोळ्या घ्यायच्या असतात त्यांनी त्या गेटच्या अलीकडेच घ्याव्यात.

खरी परीक्षा पुढच्या विमानात. उतरण्याआधी एक नारिंगी रंगाचं कार्ड भरायला देतात. सोबत खाद्यपदार्थ आहेत का, बी-बियाणं आहे का, बुटांना माती आहे का, असं सगळं त्यात विचारलेलं असतं. त्यातला एक प्रश्न असा की, गेल्या 30 दिवसांत शेतावर किंवा जनावरांच्या संपर्कात गेला होता का? आता आमच्या विट्याकडचा माणूस यावर काय लिहिणार? निघायच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात होतो. 'हो'वर खूण केली. शेजारच्या रांगेतल्या एका आजींचं कार्ड एका तरण्या प्रवाशाने भरून दिलं. एकही प्रश्न न विचारता त्याने सगळीकडे 'नाही' केलं आणि सहीपुरता पेन त्यांच्या हातात दिला. आजींच्या पिशवीतून तुपाचा वास विमानभर येत होता.

तो प्रश्न कशासाठी असतो ते शेतकऱ्याला एका वाक्यात कळेल. लाळ्या-खुरकूत हा जनावरांचा रोग ऑस्ट्रेलियात 1872 नंतर झालेला नाही, आणि तो बाहेरून येऊ नये म्हणून ते डोळ्यांत तेल घालून असतात. मेलबर्नला उतरल्यावर माझी पायताणं अधिकाऱ्याने उलटी करून तळाच्या शिवणीत दिवा मारून बघितली. घरातून निघताना ती ब्रशने घासून धुतलेली होती, म्हणून लगेच परत मिळाली. गोडा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी त्याने हुंगून परत ठेवली. शेजाऱ्यांनी पोरासाठी दिलेले पेढे मात्र गेले. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे, म्हणून आपल्या दुधाचे पदार्थ तिथे चालत नाहीत. कार्डावर लिहिलं होतं, त्यामुळे दंड झाला नाही, आवाजसुद्धा चढला नाही. लपवलं असतं तर जबर दंड होतो, व्हिसाही रद्द होऊ शकतो. 'काही लिहू नका, गुपचूप निघून जा' असा निरोप आपल्याकडे मोबाईलवर फिरत असतो. तो पाठवणाऱ्यांनी पुढच्या वेळी सोबत जाऊन दंड भरावा.

मेलबर्नला विमानतळापासून शहरात रेल्वे नाही. बस आहे, ती सदर्न क्रॉस स्टेशनला सोडते. मुलाचं घर तिथून जवळच. जेवण झालं, ही झोपली, मुलगा त्याच्या मीटिंगमध्ये शिरला आणि मी मफलर गुंडाळून बाहेर पडलो. जून म्हणजे तिकडे ऐन थंडी. आपल्या घड्याळापेक्षा साडेचार तास पुढचा कारभार, त्यामुळे डोक्यात अजून सकाळ होती आणि रस्त्यावर उन्हं कलायला लागली होती.

शहराच्या मधल्या भागात ट्राम फुकट आहे, 2015 पासून. या फुकटाबद्दल मात्र माझी तक्रार नाही. 96 नंबरच्या ट्राममध्ये चढलो आणि सवयीने दाराशी उभा राहिलो. वाहक नाहीच. खांबावर एक यंत्र, हद्दीबाहेर जाणाऱ्यांनी त्याला कार्ड टेकवायचं. मुलगा नंतर म्हणाला, तिथले ट्रामवाहक 1998 मध्येच गेले. ऐकून बरं वाटलं नाही. ज्यांनी आयुष्यभर पंच टकटकवला त्यांनाच कळेल. पण एक कबूल करतो, वाहकाची हाळी त्यांनी यंत्रात ठेवली आहे. पुढचा थांबा कोणता, कुठल्या रस्त्याचा तिठा, आणि फुकटची हद्द संपत असेल तर तेही, आतमध्ये ऐकू येतं आणि पट्टीवर दिसतं. नवखा माणूस भांबावत नाही. पार्लमेंटच्या थांब्यावर उतरलो, समोरून त्याच नंबरची उलटी ट्राम धरून बर्क स्ट्रीटच्या मॉलपाशी आलो आणि तिथून फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनपर्यंत चालत गेलो. 1910 ची पिवळी इमारत. मुख्य दरवाजावर ओळीने घड्याळं लावलीत. प्रत्येक घड्याळ एकेका मार्गाचं, पुढची गाडी किती वाजता सुटणार तेवढंच सांगणारं. पूर्वी हे काटे एक कर्मचारी लांब काठीने फिरवायचा म्हणे. त्या घड्याळांखाली मी चांगला अर्धा तास उभा होतो, आपल्या स्टँडवर चौकशीच्या खिडकीपाशी उभं राहावं तसा, आणि कुणाला काही विचारावं लागलं नाही. (आपल्या मुंबईची ट्राम 31 मार्च 1964 ला कायमची थांबली. ती असती तर तिची आज काय गत झाली असती, हा वेगळ्या पत्राचा विषय.)

पाच वाजून गेले आणि अंधार पडला. मुलाचा फोन आला, "बाबा, कुठे आहात? तिथेच थांबा, येतो." म्हटलं, येऊ नको, मीच येतो. आणि आलो.

हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की ज्या माणसाला पहिल्या दिवशी विमानाच्या दारापासून गाडीपर्यंत ढकलत नेलं, तो पुढचे चार महिने त्या शहरात मुलाच्या गाडीचीच वाट बघत बसतो. असे ज्येष्ठ मला तिथल्या बागेत भेटले. धट्टेकट्टे, पण एकटे ट्रामने जायला घाबरणारे.

इंग्रजीच्या अडचणीवर उपाय भाषेचाच पाहिजे. ऑस्ट्रेलिया सरकारने 1973 पासून टेलिफोनवर दुभाषा देण्याची सोय चालवली आहे, नंबर 131 450. आपल्या विमान कंपन्यांना एवढं मोठं काही करायला नको. मुंबईहून लांबच्या विमानात बसणाऱ्यांपैकी ज्यांना भाषेची भीती आहे त्यांची वेगळी नोंद करा, आणि अशा दहा-पंधरा जणांना एकत्र गोळा करून गेटपर्यंत नेणारा एक मराठी-हिंदी बोलणारा माणूस द्या. एक माणूस दहा जणांना चालवत नेऊ शकतो. दहा जणांना ढकलायला दहा माणसं लागतात. शिवाय त्या नारिंगी कार्डातले प्रश्न मराठीत छापून तिकिटाबरोबर द्यावेत, म्हणजे सही करणाऱ्याला आपण कशावर सही करतो ते कळेल. प्रवासी एजंटांनाही हे सहज जमण्यासारखं आहे, कारण मुलांकडून तिकिटाच्या पैशाबरोबर ते 'सेवा' म्हणून काहीबाही घेतच असतात.

तोवर सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही ज्येष्ठ नागरिक संघाने बोलवावं. कार्डातल्या प्रश्नांची मी उतरवून घेतलेली यादी आणि सिंगापूरच्या विमानतळाचा नकाशा घेऊन येईन. एसटीचा पास आहे, भाडं नको. चहा मात्र बिनसाखरेचा सांगावा.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
विटा, जि. सांगली