जुन्या मोटारींच्या अंतरंगाचीही नोंद व्हावी

महोदय,

जुन्या मोटारींच्या संचलनाची छायाचित्रे आपण आवर्जून प्रसिद्ध करता, याचा आनंद आहे. मात्र त्यांत गाड्या बाहेरूनच दिसतात आणि प्रत्यक्ष संचलनातही बॉनेट क्वचितच उघडलेले असते. प्लॅस्टिकच्या किटपासून अशा मोटारींच्या प्रमाणबद्ध प्रतिकृती घडवणाऱ्या माझ्यासारख्यांना नेमका तोच भाग पाहायचा असतो, म्हणून आयोजकांना व मोटारमालकांना विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

या छंदाकडे खेळण्यांची जुळणी म्हणून पाहिले जाते, ते मला मान्य नाही. तामिया या जपानी कंपनीचे १९६६ च्या फोक्सवॅगन बीटलचे १/२४ प्रमाणातील किट घ्या. मूळ गाडीच्या पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर २४०० मिलिमीटर, म्हणजे प्रतिकृतीत ते १०० मिलिमीटर भरायला हवे. या प्रमाणात रंगाची जाडीदेखील मोजावी लागते, ०.१ मिलिमीटरचा थर मूळ गाडीच्या हिशेबाने २.४ मिलिमीटरचा होतो आणि दाराभोवतीची फट त्यात बुजून जाते. म्हणून सुटे भाग साबणाच्या पाण्याने धुऊन, साच्याच्या रेषा बारीक पॉलिश पेपरने घासून, मग प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) आणि रंग एअरब्रशने, म्हणजे हवेच्या दाबावर रंग फवारणाऱ्या बारीक पिचकारीने, अगदी पातळ हातांनी द्यावे लागतात. आपल्याकडच्या पावसाळ्यात हवेतील दमटपणामुळे लॅकर (झटपट वाळणारा चकचकीत रंग) पांढुरके पडते, तेव्हा ते दिवस आसने आणि इंजिन जुळवण्यासाठी राखलेले बरे. काचांना सुपरग्लू लावू नये, त्याच्या वाफेने त्या धुरकट होतात.

खरा कस लागतो तो इंजिनाच्या तपशिलात. बीटलचे हवेने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन मागे असते आणि डिस्ट्रिब्युटरपासून, म्हणजे ठिणगीसाठीची वीज सिलिंडरांना वाटून देणाऱ्या भागापासून, चार स्पार्क प्लगांकडे चार वायरी जातात. मूळ वायर साधारण ७ मिलिमीटर जाड धरली, तर प्रतिकृतीसाठी ०.३ मिलिमीटरची तार लागते. जुन्या विजेच्या वायरीतील तांब्याचा एक धागा काळा रंगवून ती करता येते. पण ती कोठून वळते, कोणत्या पत्र्याखालून जाते, हे किटच्या माहितीपत्रकावरून नेहमीच कळत नाही. त्यासाठी मूळ गाडी पाहावी लागते, आणि तीही मूळ रूपातली. डागडुजी करताना नंतरच्या वर्षांचे बंपर बसवले जातात, १९६६ च्या सपाट हबकॅपच्या (चाकाच्या मध्यावरील झाकणाच्या) जागी दुसरेच येतात, मूळ साध्या रंगावर आजचा चमकीदार मेटॅलिक रंग चढतो. मालकाने आपल्या गाडीचे काय करावे, हा त्याचा अधिकार आहे. परंतु बदलापूर्वी काय होते याची नोंद राहत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मुंबईच्या प्रीमियर पद्मिनीबाबत तर ही निकड अधिकच आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात घडलेली ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, टपावरचे कॅरिअर, मीटर बसवण्याची पद्धत, चालकांनी हौसेने लावलेली आसनांची कापडे, हे सारे ज्यांनी रोज पाहिले ते चालक आणि मेकॅनिक आज हयात आहेत, त्यांच्याकडून हे विचारून घेण्याची वेळ हीच आहे.

तेव्हा प्रत्येक संचलनापूर्वी निदान तासभर गाड्या बॉनेट उघडून उभ्या कराव्यात, हात न लावता छायाचित्रे घेऊ द्यावीत आणि प्रत्येक गाडीपाशी तिचा मूळ रंग व बदललेले भाग सांगणारा छोटा फलक ठेवावा. अशा फलकांवरील माहिती आपल्या वृत्तपत्राने छायाचित्रांसोबत छापल्यास प्रतिकृतीकारांची फार मोठी सोय होईल.

आपला,
एक वाचक, ठाणे