केंद्रातल्या समुपदेशक ताईंना आभारपत्र

प्रिय ताई,

हाय-फन, म्हणजे नशा करून संबंध, करून आलेला मुलगा समोर बसला की तुम्ही तीनच गोष्टी विचारता: काय घेतलं, कसं घेतलं, शेवटचं कधी. कपाळाला आठी नाही, लग्नाची चौकशी नाही. त्याबद्दल मनापासून आभार, कारण पुढचे सगळे उपचार या उत्तरांवर ठरतात.

पीईपी, म्हणजे संबंधानंतर एचआयव्हीची लागण टाळायला घ्यायच्या गोळ्या, ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवं, जितकं लवकर तितकं चांगलं, आणि मग २८ दिवस रोज. शनिवारी रात्री विनाकंडोम संबंध आला तर मंगळवारची रात्र ही शेवटची मुदत. मेथ (मेथॲम्फेटामिन, जागं ठेवणारी नशा) उतरताना सोमवार झोपेत जातो, म्हणून मुलं उशिरा पोहोचतात. तुम्ही त्यांना रांगेत ताटकळत ठेवत नाही.

सुई वाटून घेतली की हेपटायटिस सी (रक्तातून पसरणारा यकृताचा आजार) होऊ शकतो, हे बहुतेकांना माहीत असतं. नाकात ओढायच्या नळीवर किंवा गुंडाळलेल्या नोटेवर डोळ्यांना न दिसणारं रक्त असू शकतं, हे तुम्ही आवर्जून सांगता. एकदा बरा झालेल्याची अँटिबॉडी चाचणी पुढेही पॉझिटिव्हच येत राहते. नवी लागण शोधायला तुम्ही थेट विषाणू शोधणारी आरएनए चाचणी लिहून घेता. गनोरियासाठी (संबंधांतून पसरणारा परमा) नुसत्या लघवीवर न थांबता घसा आणि गुदद्वाराचेही नमुने मागता, कारण तिथे तो बहुधा लक्षणांशिवाय राहतो.

सगळ्यात मोलाची तुमची सवय म्हणजे एआरटीचं, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या गोळ्यांचं, कार्ड उघडून बघणं. सेकंड लाइनमध्ये (पहिल्या गोळ्या लागू पडेनाशा झाल्यावरच्या उपचारात) रिटोनाविर हे औषध असेल तर मेथ, एमडी (मेफेड्रोन), जी (जीएचबी किंवा जीबीएल, गुंगी आणणारं द्रव) यांचा शरीरातून निचरा मंदावतो आणि नेहमीचंच प्रमाण जिवावर बेतू शकतं. डोल्युटेग्राविर या एचआयव्हीच्या दुसऱ्या औषधामुळे तसं होत नाही. गोळ्या मात्र स्वतःहून थांबवायच्या नाहीत, हेही तुम्ही त्याच दमात बजावता.

'जी' चढायला वेळ लागतो, म्हणून मुलं पुन्हा घेतात; सोबत दारू असेल तर श्वास थांबू शकतो. 'झोपू दे त्याला' हे तिथे सगळ्यात घातक वाक्य. कुशीवर वळवा, हाका मारून जागा होत नसेल तर १०८ लावा, काय घेतलंय ते खरं सांगा, एकटं सोडू नका: हे तुम्ही प्रत्येकाकडून म्हणवून घेता.

रोज, दर काही तासांनी जी घेणाऱ्याने ते एकदम तोडलं तर भ्रम होतो, झटके येतात. अशा मुलाला 'आजपासून बंद' असं न सांगता तुम्ही स्वतः मानसोपचार विभागात फोन करून खाट मिळवता. त्या प्रत्येक फोनसाठी आभार.

आपले,
वस्तीत आणि पार्ट्यांत काम करणारे आम्ही सगळे